वास्तूचा धर्म कोणी ठरवावा?

मूल जन्मास येतें तेव्हां त्याचा धर्म आईबापांनीं ठरविलेला असतो. पुढें तो पाळावयाचा कीं टाकावयाचा, हें जाणतें झाल्यावर तें आपलें आपण पाहतें. वास्तूला ही सोय नाहीं. बांधणाऱ्यानें ज्या हेतूनें पायाचा दगड बसविला तोच तिचा कायमचा धर्म, असें म्हटलें तर शंभर वर्षांनीं तींत वावरणाऱ्या माणसांनीं एका मृत हेतूचें सेवेकरी होऊन राहावें लागेल. उलट, किल्ली ज्याच्या कमरेला त्याची इच्छा हाच वास्तूचा धर्म, असें म्हटलें तर बांधणाऱ्याशीं झालेला कांहीं एक अलिखित करार आपण मोडीत आहों, अशी टोचणी मनास लागून राहते. आपल्याकडे वाड्यांतून शाळा भरल्या, धर्मशाळांच्या कचेऱ्या झाल्या, जुन्या देवळांचे चिरे नव्या घरांच्या जोत्यांत गेले. तेव्हां हा प्रश्न आम्हां महाराष्ट्रीयांस अपरिचित नाहीं. परंतु घरच्या उदाहरणांत अभिमान व दुखावलेपणा असे आड येतात कीं विचाराची वाट सरळ राहत नाहीं. म्हणून जेथें आमचा राग ना लोभ, असें एक दूरचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों. तें उदाहरण म्हणजे पॅरिसमधील ‘ला मादलेन’ हें चर्च.

पॅरिसच्या मध्यभागीं ‘प्लास द ला काँकॉर्द’ म्हणून एक अफाट चौक आहे. तेथें उभें राहून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे एका सरळ रस्त्याच्या टोकाशीं एक ग्रीक देऊळ दिसतें. आणि पाठ फिरवून दक्षिणेस पाहिलें तर नदीपलीकडे जणूं त्याचेंच प्रतिबिंब उभें असतें. पलीकडची इमारत फ्रान्सच्या लोकसभेची. अलीकडचें तें मादलेन. चौफेर ५२ स्तंभ, प्रत्येक सुमारें २० मीटर उंच, माथ्यावर पानांची नक्षी कोरलेले, ज्यांस कॉरिंथियन म्हणतात त्या घाटाचे. इमारतीची लांबी १०८ मीटर, रुंदी ४३. दर्शनी बाजूस २८ पायऱ्या. मुंबईच्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्या ज्यांनीं चढल्या आहेत त्यांस या शैलीची कल्पना सहज येईल. १८३३ सालीं पुरी झालेली ती इमारत याच कुळांतली. फक्त तिचे स्तंभ डोरिक, म्हणजे साधे व भारदस्त आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील रसिकांस मागील पिढीच्या नखरेल सजावटीचा वीट आला आणि ग्रीस व रोम यांच्या भग्नावशेषांत ते शुद्ध रूपाचा शोध घेऊं लागले. त्यांतून निघालेल्या बांधणीच्या रीतीस नव-अभिजात म्हणतात.

मादलेनला मनोरा नाहीं, घंटाघर नाहीं, बाहेरच्या भिंतींस खिडक्या नाहींत. नवख्या माणसास कोणी सांगितल्याखेरीज हें ख्रिस्तमंदिर आहे असें ओळखूं येणार नाहीं. दर्शनी त्रिकोणांत लमेर या शिल्पकारानें अंतिम न्यायाचा देखावा कोरला आहे, ब्राँझच्या अजस्र दारांवर दहा आज्ञांचीं दृश्यें आहेत, भिंतींच्या कोनाड्यांतून संतांचे पुतळे आहेत. परंतु हें सारें जवळ गेल्यावर. लांबून दिसतें तें देऊळ, आणि तेंहि कोणत्या देवाचें याचा पत्ता नसलेलें.

असें कां झालें याची हकीकत लांब आहे, पण ती ऐकण्यासारखी आहे. १७६३ सालीं पंधराव्या लुईनें या वास्तूचा पहिला दगड बसविला. त्या वेळीं हेतु सरळ होता: मग्दालीया मरीयेच्या नांवाचें एक जुनें, अपुरें पडूं लागलेलें चर्च होतें, त्याच्या जागीं मोठें बांधावयाचें. काँतां दिव्री नांवाच्या शिल्पज्ञानें क्रूसाच्या आकाराची, वर घुमट असलेली योजना केली. तो १७७७ सालीं वारला. त्याचा शिष्य कुत्यूर यानें गुरूचें काम बरेंचसें पाडून रोमच्या प्राचीन पँथिऑनच्या धर्तीवर पुन्हां आरंभ केला. इतक्यांत १७८९ ची राज्यक्रांति झाली. पाया व कांहीं अर्धवट स्तंभ एवढेंच त्या वेळीं जमिनीवर होतें. पुढें सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला तेव्हां त्याचें प्रेत याच मादलेन पेठेच्या दफनभूमींत पुरण्यांत आलें. आजोबानें पायाभरणी करावी आणि नातवास शेजारच्या मातींत जागा मिळावी, असा तो योग होता.

अर्धवट स्तंभांचें काय करावें, हा मग वादाचा विषय झाला. ग्रंथालय करावें, बाजार करावा, पेढी किंवा व्यापारी न्यायालय करावें, अशा नाना सूचना निघाल्या. अखेर २ डिसेंबर १८०६ रोजीं, पोलंडमधील पोझेन येथील छावणींतून, नेपोलियननें फर्मान काढलें कीं, येथें आपल्या महासेनेच्या गौरवाचें मंदिर उभें राहील. तारीख पाहण्यासारखी आहे. तो त्याच्या राज्याभिषेकाचाहि वार्षिक दिवस आणि ऑस्टरलिट्झच्या विजयाचाहि. या मंदिरासाठीं ज्या योजना आल्या त्यांतून परीक्षकांनीं एका शिल्पज्ञाची निवड केली. बादशहानें ती बाजूस सारून व्हिन्यों याची योजना उचलली, कारण त्यास चर्चसारखें दिसणारें कांहीं नको होतें, अथेन्समध्यें शोभेल असें हवें होतें. आज दिसतें तें देऊळ व्हिन्योंचें.

त्या फर्मानांतील एक कलम मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. उल्म, ऑस्टरलिट्झ व येना या लढायांत जे जे हजर होते त्या सर्वांचीं नांवें, पलटणवार, संगमरवराच्या फरशांवर कोरावयाचीं होतीं. आणि जे रणांत पडले त्यांचीं नांवें भरीव सोन्याच्या पत्र्यांवर. शिपायाचें नांव सोन्यावर लिहावें असें ज्याच्या मनांत आलें, त्याच्या हेतूस केवळ अहंकार म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. त्याच्या महत्त्वाकांक्षेनेंच ते शिपाई मेले, हेंहि तितकेंच खरें. हेतु असे क्वचितच एकजिनसी असतात.

सोनें आलें नाहीं, नांवेंहि कोरलीं गेलीं नाहींत. नेपोलियनचें राज्य गेलें, अठरावा लुई गादीवर बसला, आणि हें चर्चच व्हावें असा निर्णय झाला. वध झालेल्या राजकुटुंबाचें प्रायश्चित्त-स्मारकहि येथें असावें अशी १८१६ ची योजना होती. व्हिन्यों १८२८ सालीं वारला व आपल्याच स्तंभांच्या ओवरीखालीं पुरला गेला. पुढचें काम ह्युवे यानें पाहिलें. १८३० सालीं पुन्हां राज्यपालट झाला. १८३७ च्या सुमारास तर आगगाडीचें स्थानक येथें करावें अशीहि कल्पना निघाली होती. स्तंभांच्या रांगेमागून इंजिनाचा धूर निघतांना पाहण्याचें पॅरिसकरांच्या नशिबीं नव्हतें, इतकेंच. १८४२ सालीं एकदांची इमारत चर्च म्हणून उपासनेस खुली झाली. पहिल्या दगडापासून एकोणऐंशीं वर्षें लोटलीं होतीं, आणि त्या अवधींत चार शिल्पज्ञ व सहा राजवटी होऊन गेल्या.

आतां याच शहरांतील दुसऱ्या एका वास्तूकडे पाहा. नदीच्या दक्षिणेस टेकडीवर जें पँथिऑन आहे, तें पंधराव्या लुईनें दुखण्यांतून उठल्यावर केलेल्या नवसाचें चर्च. सूफ्लो या शिल्पज्ञाचें तें काम १७९० सालीं पुरें झालें, आणि १७९१ सालींच क्रांतिकारकांनीं त्याचें राष्ट्रांतील थोर पुरुषांच्या समाधींचें मंदिर केलें. त्यानंतर तें पुन्हां चर्च झालें, पुन्हां समाधिमंदिर, पुन्हां चर्च; अखेर १८८५ सालीं व्हिक्तोर ह्यूगोची अंत्ययात्रा तेथें गेली तेव्हांपासून तें समाधिमंदिरच राहिलें. मौजेची गोष्ट ही कीं, १८०६ च्या फेब्रुवारींत नेपोलियननें पँथिऑन उपासनेस परत दिलें, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत मादलेन उपासनेपासून काढून घेतलें. देवासाठीं बांधलेलें माणसांकडे गेलें, माणसांसाठीं बांधलेलें देवाकडे आलें. बांधणाऱ्याचा हेतु हाच वास्तूचा धर्म असें जे मानतात, त्यांनीं या दोहोंपैकीं कोणत्या मंदिरास भ्रष्ट म्हणावें? दोन्हींस म्हणावें लागेल. आणि पॅरिसांत कोणीहि तसें म्हणत नाहीं.

तथापि मादलेनवर एक आरोप नेहमीं होत आला आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. तो आरोप दांभिकपणाचा. प्राचीन ग्रीक देवळांत मूर्ति आंत असे आणि यज्ञवेदी बाहेर. भक्तांचा मेळा उघड्यावर जमत असे, म्हणून स्तंभांची सारी शोभा बाहेरच्या अंगास. ख्रिस्ती उपासनेंत मेळाच आंत जमावयाचा असतो. आपल्या देवळांच्या भाषेंत सांगावयाचें तर, गाभाऱ्याच्या घाटाच्या वास्तूंत सभामंडप बसविण्याचा हा उद्योग. मग काय झालें? बाहेर ग्रीस ठेवून आंत रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर तीन उथळ घुमट घातले. ते छपराखालीं असे दडविले कीं रस्त्यावरून त्यांचा मागमूसहि लागत नाहीं. खिडक्या नसल्यामुळें उजेड केवळ घुमटांच्या माथ्यांवरील काचांतून खालीं झिरपतो, आणि रंगीत संगमरवर व सोनेरी मुलामा यांनीं भरलेला तो दिवाणखाना भर दुपारींहि सांजावल्यासारखा वाटतो. बाहेरचें रूप आंतल्याविषयीं कांहीं सांगत नाहीं, आणि आंतलें बाहेरच्यास ओळख देत नाहीं. शिल्पशास्त्राच्या दृष्टीनें हा दोष आहे, असेंच आम्हांसहि वाटतें. पँथिऑनमध्यें सूफ्लोच्या रचनेंत जी एकजीवता आहे ती येथें नाहीं.

परंतु दोष आणि लबाडी एक नव्हेत. लबाडीला लबाड माणूस लागतो. एकोणऐंशीं वर्षांत आठदहा वेळां ज्याचें प्रयोजन बदललें, त्या बांधकामामागें एक मनच नव्हतें. मग त्यानें कोणाला फसविलें? ज्यास आपण दंभ म्हणतों तो पुष्कळदां निरनिराळ्या पिढ्यांनीं एकमेकींचें काम न मोडतां पुढें चालविल्याचा परिणाम असतो. एकत्र कुटुंबाच्या जुन्या घरांत ओसरी आजोबांची, माडी चुलत्यांची आणि न्हाणीघर नातवाचें असतें. तें घर विसंगत दिसतें, खोटें नसतें.

खऱ्या नैतिक अडचणी याहून आंत आहेत. वेदीच्या वरील अर्धघुमटावर झिग्लेर या चित्रकारानें ख्रिस्तधर्माचा इतिहास रंगविला आहे. वर ख्रिस्त व मरीया. खालीं शतकानुशतकांचे राजे, योद्धे, धर्मगुरु. आणि अगदीं पुढें, अभिषेकाच्या वस्त्रांत, नेपोलियन, जवळच पोप सातवा पायस. याच पोपला नेपोलियननें १८०९ पासून १८१४ पर्यंत कैदेंत ठेविलें होतें, हें चित्र पाहणाऱ्यानें आठवावें. म्हणजे ज्या शिपायांचीं नांवें सोन्यावर यावयाचीं होतीं त्यांचें एकहि नांव या मंदिरांत उमटलें नाहीं, आणि त्यांचा धनी मात्र वेदीच्या माथ्यावर जाऊन बसला. कोणी म्हणेल, त्यांच्यासाठीं विजयकमान आहे. ती आहे, १८३६ सालीं ती पुरीहि झाली. परंतु तिच्यावर लढायांचीं व सेनानायकांचीं नांवें आहेत. साध्या शिपायाचा तेथें प्रवेश झाला तो १९२० सालीं, पहिल्या महायुद्धानंतर, आणि तोहि ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं अशा एकाच्या प्रेताच्या रूपानें.

तें चित्र खरवडून काढावें काय? प्रार्थनेच्या जागीं जेत्याची मूर्ति असूं नये, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. त्या रांगेंत बसून वर पाहणाऱ्या, रणांत मुलगा गमावलेल्या एखाद्या आईच्या मनाचें काय होत असेल याची कल्पना आम्हांस करतां येते. तरीहि चित्र राहावें असेंच आम्ही म्हणूं. तें पुसलें तर भिंत स्वच्छ होईल, पण ती म्हणूं लागेल कीं सत्तेचा हात या वेदीपर्यंत कधीं पोंचलाच नव्हता. सहन करणें आणि पूजणें यांत अंतर आहे. जें आहे तें असूं द्यावें व त्याजकडे पाहून खरें बोलावें, हें आमच्या मतें पुसून टाकण्याहून कठीण आणि म्हणूनच अधिक योग्य. अर्थात् हें बोलणें आम्हांस सोपें आहे. चित्र आमच्या गांवच्या देवळांत नाहीं.

दुसरी अडचण भिंतीवर नाहीं, वहिवाटींत होती. शोपँ हा थोर संगीतकार १७ ऑक्टोबर १८४९ रोजीं पॅरिसांत वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं मोझार्टचें ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांच्या शांतीसाठीं गावयाची उपासना, व्हावें असें ठरलें होतें. त्यांत स्त्रियांचे आवाज अवश्य आणि मादलेनमध्यें स्त्रियांनीं गाण्यास मनाई. शेवटीं, गाणाऱ्या स्त्रिया काळ्या पडद्याआड राहतील या अटीवर परवानगी मिळाली आणि विधि ३० तारखेस झाला. पाऊणशें पावलांवरचा रस्ता माणसांनीं फुलून गेला असेल, आंत थोरमोठे बसले असतील, आणि सर्वांत उत्कट आवाज येत होता तो पडद्यामागून. हें मंदिर कोणाच्या नांवाचें? मग्दालीया मरीयेच्या. योहानाच्या शुभवर्तमानांत पुनरुत्थित ख्रिस्त प्रथम तिच्याच दृष्टीस पडतो आणि शिष्यांस जाऊन सांग, असें तिलाच सांगतो. जी बातमी एका स्त्रीच्या तोंडून जगास कळली, तिच्याच नांवाच्या मंदिरांत स्त्रीचें तोंड झांकावें! आणि ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. चाळीस वर्षांनंतर, १८८८ च्या जानेवारींत, तेथील गायकवृंदाचा प्रमुख फोरे यानें आपलें ‘रेक्विएम’ प्रथम याच ठिकाणीं सादर केलें, तेव्हांहि स्त्रियांच्या वाट्याचे उंच स्वर मुलांनींच गाइले.

वास्तूच्या धर्मास बांधणाऱ्याच्या हेतूनें जितकी बाधा येत नाहीं तितकी वापरणाऱ्यांच्या वर्तनानें येते, असें आम्हांस वाटूं लागतें तें या ठिकाणीं. राजाचा नवस, बादशहाचा दर्प, आगगाडीची कल्पना, यांतलें कांहींच दगडास चिकटून राहिलें नाहीं. पण काळा पडदा तेथें रोज लावावा लागत होता. तो लावणारे हात जिवंत होते. त्याच न्यायानें त्या वास्तूचें जें पावित्र्य, तेंहि जिवंत हातांचें. मादलेनचे धर्मगुरु देगेरी यांस १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत ओलीस धरून, आर्चबिशप दार्ब्वा यांच्याबरोबर, गोळ्या घालण्यांत आल्या. सधनांच्या पेठेचें, श्रीमंती लग्नांचें चर्च म्हणून ज्याची थट्टा होत असे, त्याच्या धर्मगुरूचें असें रक्त सांडल्यानंतर त्यास केवळ शोभेचें देऊळ म्हणवेना.

मग संरक्षण कशाचें करावयाचें? मादलेन १९१५ सालीं फ्रान्सच्या संरक्षित ऐतिहासिक वास्तूंच्या यादींत आलें. १९०५ च्या कायद्यानें तेथें धर्मसंस्था व राज्य यांची फारकत झाली, आणि तेव्हांपासून ही इमारत पॅरिस शहराच्या मालकीची व उपासकांच्या वहिवाटीची आहे. दुरुस्तीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. म्हणजे जे ख्रिस्ती आहेत ते, जे दुसऱ्या धर्माचे आहेत ते, आणि जे कोणताच धर्म मानीत नाहींत तेहि करांच्या रूपानें त्या ५२ स्तंभांस टेकू देतात. वापर हाच धर्म असेल तर वापरणाऱ्यांनींच खर्च सोसावा, असें म्हणणारास काय उत्तर आहे?

उत्तर पँथिऑनच्या भिंतींत सांपडतें. सूफ्लोनें त्या चर्चला मोठ्या खिडक्या ठेविल्या होत्या. आंत प्रकाश खेळावा हा त्याचा आग्रह होता. १७९१ नंतर काक्त्रमेर द कँसी यानें समाधिमंदिरास साजेसा गंभीर अंधार हवा म्हणून त्या खिडक्या चिणून टाकल्या. पुढें त्या वास्तूचें प्रयोजन चार वेळां फिरलें. प्रत्येक वेळीं एका हुकुमासरशीं फिरलें. खिडक्या मात्र चिणलेल्याच राहिल्या. हेतु बदलतो तो परत येऊं शकतो; दगड एकदां हलविला कीं तो सहसा परत येत नाहीं. म्हणून कायद्यानें दगडाची बाजू घ्यावी आणि हेतु माणसांवर सोपवावा, ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटते. जीर्णोद्धाराचें पुण्य नव्या बांधकामापेक्षां मोठें, अशी आपल्याकडील जी जुनी समजूत आहे तिच्या मुळाशीं हाच विचार असावा. जीर्णोद्धार करणारा आपला हेतु दुसऱ्यावर लादीत नाहीं. अद्याप जे आले नाहींत त्यांच्यासाठीं तो जागा राखून ठेवतो. नास्तिकानें मादलेनच्या छपरासाठीं चार पैसे द्यावे ते उपासकांवर उपकार म्हणून नव्हे, तर १८०६ सालीं १८४९ ची अंत्ययात्रा कोणास दिसली नव्हती म्हणून.

अर्थात् जागा राखली म्हणजे ती चांगल्याच कामास लागेल असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं. पडदाहि त्याच संरक्षणीय छताखालीं टांगला गेला होता. ३० मे १९१८ रोजीं दूर पल्ल्याच्या जर्मन तोफेचा गोळा या इमारतीवर येऊन पडला आणि संत लूकाच्या पुतळ्याचें शिर उडालें. यादींत नांव आहे म्हणून तोफगोळा थांबत नाहीं. आणि २०१७ च्या डिसेंबरांत जॉनी हॅलिडे या लोकप्रिय गायकाच्या अंत्यविधीस याच पायऱ्यांसमोर जो अफाट जनसमुदाय लोटला, त्यास शोपँच्या वेळचे निमंत्रित पाहते तर नाकें मुरडते, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

या चर्चच्या तळघरांत १९६९ पासून एक भोजनगृह चालत आलें आहे. दुपारचें जेवण तेथें स्वस्तांत मिळतें, वाढणारे बहुधा स्वयंसेवक असतात, आणि आसपासच्या कचेऱ्यांतील कारकून व ज्यांस दुसरीकडे जेवण परवडत नाहीं असे लोक तेथें जेवतात. काँतां दिव्रीच्या नकाशांत हें नव्हतें, व्हिन्योंच्याहि नव्हतें. आणि संरक्षित वास्तु म्हणून नोंद झाली तरी तिच्या चुलीस आडकाठी आली नाहीं.